४०, जॉर्ज स्क्वेअर : एका पाटीचं प्रकरण

सप्टेंबर २०२०. करोनामुळे बहुतेक वर्ग पडद्यावरच भरणार होते, आणि स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाचं नवं वर्ष तोंडावर आलं होतं. त्याच सुमारास विद्यापीठाने जाहीर केलं की 'डेव्हिड ह्यूम टॉवर' ही इमारत यापुढे '४०, जॉर्ज स्क्वेअर' म्हणून ओळखली जाईल. निर्णय तात्पुरता आहे, असंही सांगितलं. भिंती त्याच, लिफ्ट तीच, तळघरातली व्याख्यानगृहं तीच. वेळापत्रकात नावाच्या जागी घरक्रमांक आला, इतकंच.

ही इमारत मानव्यविद्यांची. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य शिकणाऱ्या किती पिढ्या 'डीएचटी'त भेटू म्हणत आल्या, आणि त्यातल्या अनेकांना ते 'एच' कुणाचं हे परीक्षेपुरतंच ठाऊक असावं. २०२० मध्ये ते सगळ्यांना एकदम आठवलं. बातमी जगभर गेली आणि लगेच दोन फळ्या पडल्या: एका बाजूला 'वर्णद्वेष्ट्याचं नाव उतरवलं', दुसऱ्या बाजूला 'थोर तत्त्वज्ञ पुसला'. मला दोन्हींपेक्षा विद्यापीठाचं वागणं जास्त बोलकं वाटतं. या संस्थेचं आणि डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं प्रकरण १७४५ पासूनचं आहे, आणि त्याची सुरुवातच नकाराने झाली.

नाकारलेला उमेदवार

ह्यूम १७११ साली एडिंबऱ्यातच जन्मला. बारा वर्षांचाही नसताना विद्यापीठात दाखल झाला आणि पदवी न घेता बाहेर पडला. त्या काळी यात वावगं काही नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने मानवी स्वभावावरचा आपला मोठा ग्रंथ छापायला सुरुवात केली, आणि तो छापखान्यातूनच मृत जन्मला, असं पुढे स्वतःच लिहून ठेवलं. आज तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात तो ग्रंथ टाळता येत नाही. एक चेंडू दुसऱ्यावर आदळला आणि दुसरा सरकला, यात आपल्याला दिसतात त्या फक्त दोन घटना, एकीमागून एक. मधलं 'कारण' डोळ्यांना दिसत नाही, ते सवयीने मनात उभं राहतं. ह्यूमचं हे म्हणणं एकदा नीट कळलं की माणूस बराच वेळ गप्प बसतो.

एडिंबरा विद्यापीठात नीतिशास्त्राची जागा रिकामी झाली ती १७४४-४५ मध्ये. आधीचे प्राध्यापक जॉन प्रिंगल लष्करात वैद्य म्हणून फ्लँडर्सला गेले होते. विद्यापीठाचा कारभार तेव्हा नगर परिषदेच्या हातात असे, नेमणुकाही तीच करी, आणि पाद्र्यांच्या मताला तिथे वजन होतं. ह्यूमचं नाव पुढे येताच खुद्द विद्यापीठाचे प्रमुख विल्यम विशार्ट यांनी त्याच्या ग्रंथातून आरोपांची यादी काढली: संशयवाद, नास्तिकता, नीतीच्या पायालाच सुरुंग. ह्यूमने पत्ररूपाने उत्तर दिलं. उपयोग झाला नाही. जागा विल्यम क्लेगहॉर्न यांना मिळाली, आणि या गृहस्थांचं नाव आज मुख्यतः ह्यूमला हरवणारा म्हणून घेतलं जातं. पुढे ग्लासगोतही ह्यूमला जागा मिळाली नाही. आयुष्यभर तो कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक झाला नाही.

१७५२ मध्ये त्याला वकिलांच्या ग्रंथालयाचं ग्रंथपालपद मिळालं, वर्षाला ४० पौंडांवर. ग्रंथसंग्रह हाताशी आला म्हणून त्याने इंग्लंडचा इतिहास लिहायला घेतला आणि त्या लेखनाने तो श्रीमंत झाला. ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी त्याने मागवलेली तीन फ्रेंच पुस्तकं अश्लील ठरवून यादीतून काढायला लावली. ह्यूम चिडला, पण संदर्भग्रंथांसाठी जागा सोडली नाही. पगार मात्र स्वतः न घेता एका अंध कवीला देऊन टाकला. माणूस गोड स्वभावाचा, मित्र जोडणारा, जेवणावळी करणारा होता, याबद्दल त्याच्या शत्रूंचंही दुमत नव्हतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. गोड स्वभावाची माणसंही काय काय लिहून ठेवतात!

टॉवर

जॉर्ज स्क्वेअर हा चौक जेम्स ब्राउन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १७६६ पासून उभा केला. सुबक दगडी घरं आणि मध्ये बाग. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं बालपण इथल्या २५ क्रमांकाच्या घरात गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाला जागा हवी होती आणि चौकाभोवतालची मालमत्ता विद्यापीठाच्या हाती होती. शहरातल्या जाणत्यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांतून पत्रं लिहिली, पण दक्षिण बाजू आणि पूर्वेकडची बरीच घरं पाडली गेलीच. पश्चिमेची ओळ मात्र अजून उभी आहे. तिच्याकडे पाहिलं की काय गेलं ते कळतं.

त्या मोकळ्या जागेवर १९६३ मध्ये चौदा मजली टॉवर पूर्ण झाला. रचना रॉबर्ट मॅथ्यू यांच्या कार्यालयाची. गंमत अशी की हेच मॅथ्यू १९७० पासून एडिंबऱ्याच्या जॉर्जियन नगरभागाच्या जतनासाठी पुढे सरसावले. आणखी गंमत म्हणजे, ज्या टॉवरसाठी जुनी घरं पाडली म्हणून लोक हळहळले, तोच टॉवर नंतर 'अ' श्रेणीच्या संरक्षित वारसा इमारतींत गेला. आता त्याची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. नाव उतरवायला असली परवानगी लागली नाही.

नाव कसं पडलं? शेजारपाजार पाहिला की उलगडतं. एका इमारतीला तत्त्वज्ञ अॅडम फर्ग्युसनचं नाव, दुसरीला इतिहासकार विल्यम रॉबर्टसनचं, जो १७६२ पासून तीसेक वर्षं विद्यापीठाचा प्रमुख होता. समोरच्या उंच इमारतीला अॅपल्टनचं, म्हणजे नोबेल मिळवणाऱ्या कुलप्रमुखाचं. अठराव्या शतकातलं स्कॉटिश प्रबोधन हे विद्यापीठाचं सोनं आहे, आणि साठच्या दशकात काचेच्या नि दगडाच्या नव्या पेट्यांवर तेच सोनं वर्ख म्हणून लावलं गेलं. ज्याला नोकरी नाकारली त्याला दोन शतकांनी सगळ्यात उंच पाटी मिळाली. हा पश्चात्ताप होता असं मला वाटत नाही. मोठ्या नावाचा उपयोग होता.

तळटीप

ह्यूमचा 'राष्ट्रांच्या स्वभावांविषयी' हा निबंध १७४८ चा. हवामानाने लोकांचे स्वभाव ठरतात ही तेव्हाची लोकप्रिय समजूत खोडण्यासाठी तो लिहिला होता, आणि मूळ निबंध वाचनीय आहे. १७५३ मध्ये त्याला एक तळटीप जोडली गेली. तिचा आशय असा: कृष्णवर्णीय, आणि एकूणच गोऱ्यांखेरीज बाकी सर्व मानवजाती (अशा चार-पाच आहेत म्हणे), निसर्गतःच कनिष्ठ असाव्यात अशी मला शंका येते. त्यांच्यात कुशल कारागिरी नाही, कला नाहीत, शास्त्रं नाहीत. आणि शेवटी: जमैकात एका कृष्णवर्णीयाची विद्वान म्हणून ख्याती आहे म्हणतात, पण चार शब्द स्पष्ट बोलणाऱ्या पोपटाचं कौतुक व्हावं तसंच ते असावं.

प्रकरणाचा गाभा त्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ह्यूमने ज्याचं नाव घेतलं नाही तो माणूस होता फ्रान्सिस विल्यम्स, जमैकातल्या मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला आणि लॅटिनमध्ये कविता करणारा. त्याचं एक छोटं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. डोक्यावर पांढरा टोप आणि अंगात निळा कोट असा एक माणूस टेबलापाशी उभा आहे. मागे पुस्तकांची फळी, पायाशी पृथ्वीचा गोल, टेबलावर उघडं पुस्तक, खिडकीबाहेर आकाश. मोठं डोकं आणि काटकुळे पाय पाहून हे चित्र थट्टेचं असावं, असं अनेक जण म्हणत आले. २०२४ मध्ये एका इतिहासकाराने नव्या तांत्रिक छायाचित्रणाच्या आधारे निराळा अर्थ मांडला. त्याच्या वाचनात, उघडं पुस्तक न्यूटनच्या 'प्रिन्किपिया'ची तिसरी आवृत्ती आहे, पान धूमकेतूंच्या गणिताचं आहे, आणि बाहेरच्या आकाशात १७५८-५९ मध्ये परतलेला हॅलेचा धूमकेतू आहे. म्हणजे चित्रातला माणूस सांगतोय की हे गणित मला येतं.

चित्र ह्यूमच्या टिपेनंतरचं असल्यामुळे त्याने ते पाहावं अशी अपेक्षा करता येत नाही. पण विल्यम्सविषयी त्याने ऐकलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर 'पुरावा किती, त्या प्रमाणात विश्वास' असं शिकवलं, त्याच्यापुढे आपल्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारा एक पुरावा आला. त्याने तो तपासला नाही, पोपट म्हणून झटकला. ह्यूमवरचा सगळ्यात गंभीर आरोप हाच, आणि तो ह्यूमच्याच कसोटीवर सिद्ध होतो. त्यासाठी आजची मूल्यं मागे नेण्याची गरज पडत नाही.

'तो त्याच्या काळाचा माणूस होता' हा बचाव म्हणूनच मला पटत नाही. अॅबर्डीनचा जेम्स बीटी हाही त्याच काळाचा, त्याच देशाचा. १७७० मध्ये त्याने ही टीप मुद्देसूद खोडून काढली. पेरू आणि मेक्सिकोची साम्राज्यं त्याने दाखवली, आणि गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांकडून शास्त्रं-कलांची अपेक्षा करण्यातला बालिशपणाही दाखवला. (विनोद असा की बाकी तत्त्वज्ञानात बीटी ह्यूमच्या पासंगालाही पुरत नाही.) ह्यूमने शेवटच्या आवृत्तीसाठी टीप सुधारली. ती १७७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. 'चार-पाच मानवजाती' गेल्या, आरोप फक्त कृष्णवर्णीयांपुरता राहिला. पोपट तसाच राहिला. टीप त्याच्या नजरेखालून पुन्हा गेली होती, याचा याहून पक्का दाखला मिळणार नाही. मधल्या काळात, १७६४ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कांटने या टिपेचा हवाला देऊन तिच्यावर आपली भर घातली होती. तळटीप तळाशी राहत नाही.

पत्र

दुसरा कागद २०१४ मध्ये छापून आला. मार्च १७६६ मधल्या या पत्रात ह्यूमने आपला आश्रयदाता लॉर्ड हर्टफर्ड याला कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा एक मळा विकत घेण्याचं सुचवलं आहे. मळा म्हणजे त्यावरचे गुलामही आलेच. त्याच वर्षी त्याने या व्यवहारातल्या एका प्रमुख गुंतवणूकदाराला ४०० पौंड उसनेही दिले. ग्रंथपाल म्हणून त्याचा पगार ४० पौंड होता हे आठवलं की रकमेचा अंदाज येतो.

याच ह्यूमने १७५२ मध्ये प्राचीन जगातल्या गुलामगिरीवर कडक टीका केली होती. गुलाम बाळगणं मालकालाच क्रूर बनवतं, असं त्याचं निरीक्षण होतं. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत. एक काढून दुसरा लपवायचा खेळ २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी खेळला गेला.

याचिका, समिती, क्रमांक

अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, जून २०२० मध्ये, एडिंबऱ्यात निदर्शनं झाली. रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर ह्यूमचा पुतळा आहे, ग्रीक वस्त्रातला, एक पाय चौथऱ्याबाहेर काढलेला. त्या पायाचा अंगठा चोळला की परीक्षा बरी जाते असा विद्यार्थ्यांत प्रघात पडला असून अंगठा घासून सोन्यासारखा चकाकतो. अंधश्रद्धेवर आयुष्यभर लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे यावं! त्या जूनमध्ये पुतळ्याच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला गेला, तळटिपेतलं वाक्य लिहिलेला.

उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीने टॉवरचं नाव बदलण्याची याचिका मांडली. तिच्यावर सुमारे १,८०० सह्या झाल्या. पर्याय म्हणून टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव सुचवलं होतं. ते याच विद्यापीठाचे, १९५२ चे पदवीधर. सूचना देखणी होती, पण न्येरेरेंनी एकपक्षीय राज्य चालवलं आणि सत्तरच्या दशकात लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या खेड्यांत हलवलं, हेही नोंदलेलं आहे. नावाला नाव शोधायला गेलं की असंच होतं.

सप्टेंबरमध्ये समतेचा विषय पाहणाऱ्या समित्यांमार्फत निर्णय झाला. विद्यापीठाचं कारण थोडक्यात असं: ह्यूमची मतं त्या काळी अपवादात्मक नसली तरी आज त्यांनी क्लेश होणं रास्त आहे, आणि विद्यार्थ्यांना त्या नावाच्या इमारतीत यायला सांगणं संवेदनशील बाब आहे. अंतिम विचार विद्यापीठाच्या इतिहासाच्या सविस्तर पाहणीनंतर होईल. लगेच उलट याचिका आली. टॉम डिव्हाइन यांच्यासारख्या ज्येष्ठ इतिहासकारांनी जाहीर टीका केली. आपल्याच तत्त्वज्ञान विभागाशी नीट चर्चा न करता हे झालं, हा सूर अनेकांनी लावला.

दुसरी वाट होती का

होती, आणि तीही फार दूर नव्हती. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कॅल्हून कॉलेजच्या नावावरून वाद झाला तेव्हा २०१६ मध्ये आधी एका समितीने कसोट्या ठरवल्या, निकाल त्यानंतर लागला. त्या व्यक्तीचा मुख्य वारसा विद्यापीठाच्या ध्येयाशी मुळातच विसंगत आहे का? तिच्या हयातीत त्या वारशाला लक्षणीय विरोध झाला होता का? नाव देताना विद्यापीठाने ते कशासाठी दिलं? ती वास्तू विद्यार्थ्यांचा समुदाय घडवण्यात किती मोठी भूमिका बजावते? जॉन कॅल्हून गुलामगिरीला 'हितकारक' म्हणणारा राजकारणी. त्याची ओळखच ती. २०१७ मध्ये नाव बदलून संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचं दिलं गेलं.

या कसोट्या ह्यूमला लावून पाहू. मुख्य वारसा? कार्यकारणभाव, संशय, धर्मचिकित्सा, इतिहासलेखन. विसंगत म्हणता येणार नाही. हयातीत विरोध? तळटिपेला झाला, ठोस झाला. नाव देण्याचा हेतू? १९६३ मध्ये त्या टिपेसाठी कुणी नाव दिलं नव्हतं. समुदाय? वसतिगृह आणि व्याख्यानगृहं यांत फरक आहे, पण रोज त्या दारातून जाणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला हा फरक सांगायला मी धजावणार नाही. हिशेब सरळ लागत नाही. माझा कल नाव ठेवून दारातच ती टीप, बीटीचं उत्तर आणि विल्यम्सचं चित्र लावण्याकडे गेला असता. पण उलट निष्कर्षही प्रामाणिकपणे काढता येतो, हे मान्य करतो.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनेही २०२३ मध्ये ग्रंथालयावरचं तत्त्वज्ञ बर्कली यांचं नाव काढलं. बर्कलीने ऱ्होड आयलंडमध्ये स्वतः गुलाम विकत घेतले होते. तिथे आधी कागदपत्रांवर टिपण तयार झालं, लोकांची मतं मागवली गेली, मग निर्णय झाला, आणि नंतर कवयित्री इव्हान बोलँड यांचं नाव आलं. निकाल पटो न पटो, क्रम सरळ होता. एडिंबऱ्याने आधी पाटी उतरवली आणि चौकशी नंतर ठेवली.

मराठी वाचकाला नामांतर आणि नामविस्तार यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्या एका शब्दासाठी मराठवाड्यात काय काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. एडिंबऱ्यात यांतलं काहीच झालं नाही. तिथे झाला तो नामलोप. नव्या नावासाठी कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, जुनं ठेवायचं तर त्याचं समर्थन करावं लागतं. घरक्रमांकाला दोन्हींची गरज नाही. शिवाय ही युक्ती जुनीच होती. शेजारची विल्यम रॉबर्टसन इमारत नूतनीकरणानंतर '५०, जॉर्ज स्क्वेअर' झाली, आणि रॉबर्टसनचं नाव इतिहास विभागाबरोबर दुसऱ्या वास्तूत गेलं. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

जुलै २०२५ मध्ये विद्यापीठाच्या इतिहासाची पाहणी प्रसिद्ध झाली. गुलामगिरीशी संबंध असलेल्या देणगीदारांकडून विद्यापीठाला मिळालेला पैसा आजच्या किमतीत किमान ३ कोटी पौंड भरतो, असं तिच्यात आहे. अठराव्या शतकातल्या प्राध्यापकांनी वर्गात वंशांविषयी काय शिकवलं, तेही आहे. ह्यूमला या संस्थेत शिकवू दिलं नव्हतं, त्यामुळे त्या वर्गांचा दोष तरी त्याच्याकडे जात नाही. आणि देणग्यांच्या पैशाला पाटी नसते, उतरवणार काय?

एडिंबऱ्याच्या नव्या नगरात ह्यूम शेवटची पाच वर्षं राहिला. तिथल्या रस्त्याला तेव्हा नाव नव्हतं. एका तरुण मैत्रिणीने थट्टेने त्याच्या भिंतीवर खडूने 'सेंट डेव्हिड्स स्ट्रीट' लिहिलं, मोलकरीण रागावून सांगायला आत धावली, आणि माझ्याहून बऱ्या माणसांनाही लोकांनी संत केलं आहे, असं म्हणत ह्यूमने तिला शांत केलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत मीठमसाला असेल, पण सेंट डेव्हिड स्ट्रीट आजही नकाशावर आहे.

आणि जॉर्ज स्क्वेअरमधला जॉर्ज कोण? राजा असावा असं बहुतेकांना वाटतं. १७६६ मध्ये जेम्स ब्राउनने चौक बांधायला घेतला आणि त्याला आपल्या भावाचं नाव दिलं. टॉवरच्या पाटीवर आता त्याचं नाव आहे.